उत्तर थोडं उशिरा शोधा

प्रश्न: माझं वय एक्केचाळीस. हिशेबाचं काम करते, आकडे जुळवण्यात दिवस जातो. गेल्या आठवड्यात नऊ वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आई, पाणी तापताना आवाज करतं आणि उकळायच्या जरा आधी गप्प का होतं?" मी म्हटलं, "होत असेल काहीतरी." तिनं पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ते मनात सलतंय. लहानपणी मीही असेच प्रश्न विचारायची. आता रोज रात्री तासभर मोबाइलवर 'तुम्हाला हे माहीत आहे का' छापाचे व्हिडिओ बघते. बघताना बरं वाटतं, सकाळी त्यातलं एकही आठवत नाही. या वयात कुतूहल परत येतं का? एखादा कोर्स लावू का? वेळ मात्र दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही.

उत्तर: कोर्स लावू नका. कुतूहल परत येतं आणि त्याला दिवसाकाठची पंधरा मिनिटं पुरतात. फक्त ती कशात घालवायची, ते नीट ठरवायला हवं.

तुमच्या पत्रातलीच एक गोष्ट बघा. रोज तासभर बघितलेल्या व्हिडिओंतलं काही आठवत नाही, आणि लेकीचा प्रश्न मात्र शब्दन् शब्द आठवतोय. त्याचं उत्तर मिळालेलं नाही, म्हणून तो सलतोय. हे सलणं म्हणजेच कुतूहल, आणि ते तुमच्यात शाबूत आहे. व्हिडिओंच्या बाबतीत होतं असं की प्रश्न मनात रुजायच्या आत उत्तर येऊन आदळतं, आणि ते नीट कळायच्या आत पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असतो.

आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं, अशी मांडणी जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ साली केली. यातला 'जाणवली' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ज्या विषयाचा गंधही नाही, तिथे फट दिसतच नाही. कॅलटेक या अमेरिकेतल्या संस्थेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले गेले. प्रत्येक प्रश्नाला आधी मनाशी उत्तर धरायचं, त्याची खात्री किती आणि खरं उत्तर कळण्याची उत्सुकता किती, तेही सांगायचं. अजिबात माहीत नाही आणि पक्कं माहीत आहे, या दोन्ही टोकांना उत्सुकता कमी निघाली. जिथे अर्धीमुर्धी खात्री होती, तिथे ती सर्वांत जास्त होती. शिवाय अंदाज चुकला पण उत्सुकता मोठी होती, अशा प्रश्नांची उत्तरं आठवडा-दोन आठवड्यांनीही चांगली लक्षात राहिली.

म्हणून मी तुम्हाला एकच सवय लावून घ्यायला सांगेन: उत्तर शोधायच्या आधी स्वतःचा अंदाज लिहायचा. बाकी सगळं त्या सवयीला धरून येतं.

सुरुवात लेकीच्याच प्रश्नापासून करा. तिला सांगा, "त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. आपण बघूया का?" दोघी आपापला अंदाज कागदावर लिहा, एकमेकींना न दाखवता. मग एका पातेल्यात साधारण एक लिटर साधं पाणी घ्या, झाकण ठेवू नका, आच मध्यमपेक्षा थोडी मोठी ठेवा. लेक हातभर लांब उभी राहील आणि कोणीही पातेल्यावर वाकणार नाही, वाफ भाजते. घड्याळ हातात धरा आणि दर अर्ध्या मिनिटाला दोन गोष्टी टिपा: काय दिसलं आणि काय ऐकू आलं. पाण्याला आधण येईपर्यंत एवढंच करायचं. 'का' हा शब्द तोवर उच्चारायचा नाही.

तुमचे अंदाज लिहून झाले असतील तरच पुढचा परिच्छेद वाचा.

पहिल्यांदा पातेल्याच्या तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, म्हणून ती बाहेर पडते. या टप्प्यात आवाज जवळजवळ नसतो. मग सूं सूं सुरू होते आणि वाढत जाते. तळाशी आता पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे तयार होत असतात, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. बुडबुडा जरा वर सरकला की थंड पाण्यात त्यातल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि तो क्षणात मिटतो. असे असंख्य बुडबुडे फटाफट मिटत असतात, त्यांचा तो आवाज. सगळं पाणी वरपर्यंत तापलं की बुडबुडे वाटेत मिटेनासे होतात, थेट पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात. मिटण्याचा आवाज थांबतो आणि मग खळखळ ऐकू येते. तुमच्या लेकीनं जो गप्पपणा टिपला, तो नेमका या दोन्हींच्या मधला आहे. फार थोड्या मोठ्या माणसांच्या तो लक्षात येतो.

आता याला एक शेपूट जोडा. तेच पाणी झाकून कोमट होऊ द्या आणि लगेच दुसऱ्यांदा तापवा. कडांचे बारीक बुडबुडे पहिल्याइतके दिसतील, जास्त दिसतील की कमी? आधी लिहा, मग बघा. वरचं स्पष्टीकरण खरोखर समजलं असेल, तर हा अंदाज बरोबर येईल. एखादी गोष्ट कळली की नाही, हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही.

वहीबद्दल दोन शब्द. खिशात किंवा पर्समध्ये मावेल एवढीच वही घ्या. एका पानावर एकच प्रश्न. पानावर क्रमानं: तारीख, काय पाहिलं, प्रश्न, माझा अंदाज, खात्री दहापैकी किती, आणि खाली निम्मं पान कोरं. त्या कोऱ्या जागेत उत्तर निदान एक दिवस जाऊ दिल्यानंतरच लिहायचं. तुम्ही हिशेबातल्या आहात, त्यामुळे रोजकीर्द आधी आणि खतावणी मागाहून, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आठवड्याला पाच-सहा पानं भरली तरी भरपूर. रोज दहा प्रश्न लिहिणारी माणसं दुसऱ्या आठवड्यात वही बंद करतात, कारण एकाही प्रश्नाशी त्यांचं नातं जुळलेलं नसतं.

अंदाज मनातल्या मनात केला तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, की अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपण काय आकडे दिले होते ते आठवायला सांगितलं. ज्या गोष्टी प्रत्यक्षात घडल्या, त्यांना आपण आधी दिली होती त्यापेक्षा जास्त शक्यता दिली होती, असंच त्यांना आठवलं. उत्तर कळल्यावर 'हे तर मला वाटलंच होतं' असं मन सांगायला लागतं, आणि ज्याला सगळं वाटलेलंच असतं, त्याला नवल कशाचंच वाटत नाही. कागदावरचा अंदाज मात्र बदलत नाही. खात्री दहापैकी आठ आणि अंदाज साफ चुकीचा, अशी पानं वहीत सर्वांत मोलाची. त्यांच्या कोपऱ्यावर खूण करा.

प्रश्न कुठून आणायचे, हा पुढचा अडसर. तुम्ही 'का'पासून सुरुवात कराल आणि अडकाल, कारण 'का' फार मोठा प्रश्न असतो. त्याचे तुकडे करा: कधी सुरू होतं, कुठे सर्वांत जास्त असतं, किती, आणि हे नसतं तर काय झालं असतं. लेकीचा प्रश्न इतका चांगला का आहे, तर त्यात 'उकळायच्या जरा आधी' ही वेळ आहे. 'पाणी का उकळतं' असं तिनं विचारलं असतं तर तुम्हाला पुस्तक उघडावं लागलं असतं. तिच्या प्रश्नाला पातेलं पुरतं.

याचं मला फार आवडणारं उदाहरण आग्नेस पॉकेल्स यांचं आहे. एकोणिसाव्या शतकातलं जर्मनी. मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते, घर आणि आजारी आईवडील यांचं बघणं त्यांच्याकडे होतं. भांडी धुताना तेलकटपणानं आणि साबणानं पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. इथवर हजारो माणसं पोहोचली असतील. पॉकेल्स यांनी 'किती' असं विचारलं. पत्र्याचं एक लांबट, उथळ पात्र घेतलं, त्यावर सरकवता येईल अशी धातूची पट्टी आडवी ठेवली, म्हणजे पृष्ठभाग हवा तसा लहान-मोठा करता येईल. तराजूला एक छोटी चकती टांगली आणि ती पाण्यावरून ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजलं. हे सगळं स्वयंपाकघरात. १८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले या नामवंत शास्त्रज्ञांना पत्र लिहून आपली निरीक्षणं कळवली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रॅलेंनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकात छापून आणलं. पृष्ठभागावरच्या पातळ थरांच्या अभ्यासात आजही तशा सरकत्या पट्टीचं पात्र वापरतात. त्यांच्याकडे असलेल्या साधनांपैकी घरात न मिळणारं एकही नव्हतं.

प्रश्न सुचेनासे झाले तर आणखी एक हमखास उपाय आहे. रोज हाताळत असलेली एखादी वस्तू घ्या आणि ती कशी चालते हे चित्रासकट लिहायला बसा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली येल विद्यापीठात हेच करून पाहिलं होतं. चेन, कुलूप, शिवणयंत्र अशा गोष्टी आपल्याला किती कळतात याचे लोकांनी आधी स्वतःला गुण दिले. मग टप्प्याटप्प्यानं लिहायला लागल्यावर तेच गुण स्वतःहून खाली आणले. लिहिताना पेन जिथे थांबतं, तिथे तुमचा प्रश्न असतो.

चेनचंच घ्या. बॅगेची मोठ्या दातांची चेन उजेडात धरा. एकेका दाताला एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा आहे. एकाचा उंचवटा समोरच्याच्या खळग्यात बसतो. सरळ समोरासमोर दाबून मात्र ते बसत नाहीत, दाबून पाहा. दात जरा तिरके व्हावे लागतात, आणि ते काम वर-खाली सरकणारा तुकडा करतो. त्याच्या पोटात दोन वाटा येऊन एक होतात, आणि त्या दोन वाटांच्या मधे एक पाचर असते. बंद करताना वाटांचा आकार दातांना योग्य कोनात एकमेकांत बसवतो, उघडताना पाचर त्यांना फाकवते. हे एकदा दिसलं की सरकता तुकडा पुढे जातो आणि मागे चेन उघडीच राहते, या नेहमीच्या दुखण्याचं कारणही कळतं. बहुतेक वेळा दात शाबूत असतात. झिजून तुकड्याची मागची बाजू सैल झालेली असते आणि तो दातांना पुरेसं दाबत नाही. त्याच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीनं अगदी हलक्या हातानं, थोड्या थोड्या दाबल्या की चेन पुन्हा लागते. एका दमात जोरानं दाबू नका, तुकडा तडकतो.

आता चुका कुठे होतात ते सांगते. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नावावर समाधान मानणं. 'हे पृष्ठताणामुळे होतं' असं वाचलं की वही मिटायची. नाव मिळालं की एक उपप्रश्न विचारा: हे खरं असेल तर मी काय बदललं की हे थांबेल? उत्तर देता आलं तर पुढे जा. दुसरी चूक, प्रश्न पडताक्षणी मोबाइल काढणं. मोबाइल वाईट नाही, त्याची पाळी दुसरी आहे. व्हिडिओ बघायचेच असतील तर दिवसाला एक निवडा, शीर्षक वाचून थांबा, अंदाज लिहा, मग लावा. तासाचं काम पाच मिनिटांत होईल आणि सकाळी आठवेल. तिसरी, सगळं नवं हवं असण्याचा हव्यास. त्याच रस्त्यावरून, त्याच वेळी, आठवडाभर एकच गोष्ट बघणं जास्त देतं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो हे वाचणं वेगळं आणि सलग पाच दिवस एकाच खिडकीतून, एकाच वेळी त्याची जागा टिपणं वेगळं.

माणसांविषयीचं कुतूहल तुमच्या पत्रात नाही, पण वहीची सवय लागली की ते येणारच. इथे चौकसपणा आणि भोचकपणा यांच्यातली रेघ सांभाळायची. कामाबद्दल, हत्यारांबद्दल, निर्णयांबद्दल विचारलं तर माणसं खुलतात. पगार, वय, लग्न, मुलंबाळं हे विषय त्यांनी काढल्याशिवाय काढायचे नाहीत. 'तुमचं काम कसं असतं?' याला 'ठीक असतं' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, "यात नवशिक्याची पहिली चूक कोणती होते?" किंवा "हे बिघडणार आहे हे तुम्हाला आधी कशावरून कळतं?" दुरुस्ती करणारा, शिवणारा, रुग्णाची शुश्रूषा करणारी, कोणालाही विचारा. या प्रश्नांना त्या माणसाकडे स्वतःची अशी उत्तरं असतात, आणि ती सहसा कोणी विचारलेली नसतात. हात कामात गुंतलेले असतील तेव्हा मात्र गप्प बसून बघा.

लेकीबद्दल. तिनं पुन्हा विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण त्यात हरवलेलं परत आणता येतं. तिनं प्रश्न विचारला की "तुला काय वाटतं?" असं म्हणा आणि थांबा. हे थांबणं अवघड जातं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात पाच आकडे मोजा. आणि तिच्या हातात नवी वस्तू दिलीत तर ती कशी चालते ते लगेच करून दाखवू नका. २०११ मधल्या एका अभ्यासात अनेक करामती असलेलं एक खेळणं लहान मुलांना दिलं होतं. मोठ्यांनी 'बघ, हे असं चालतं' म्हणत त्यातली एक करामत शिकवली, ती मुलं तेवढीच करत राहिली. ज्यांना काही शिकवलं नव्हतं, त्यांनी बाकीच्या करामतीही शोधून काढल्या. तुम्हाला उत्तर माहीत नसणं ही इथे तुमची जमेची बाजू आहे.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं सांगते. झोप अपुरी असेल, डोक्यात काळजी असेल, तर कुतूहल मंदावतं. अशा दिवशी वही उघडली नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. पण आवडत्या गोष्टींतही दोन आठवड्यांहून अधिक काळ गोडी वाटत नसेल आणि झोप किंवा भूक बदलली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

पुढच्या रविवारसाठी दोघींना एक काम देते. भिंतीवरच्या आरशासमोर हातभर अंतरावर उभ्या राहा. एक डोळा मिटा, डोकं हलवू नका, आणि आरशात दिसणाऱ्या तुमच्या चेहऱ्याचा सर्वांत वरचा आणि हनुवटीचा सर्वांत खालचा बिंदू ओल्या साबणानं आरशाच्या काचेवर टिपा. दोन खुणांमधलं अंतर पट्टीनं मोजा. मग स्वतःच्या चेहऱ्याची लांबी मोजा. मोजण्याआधी वहीत लिहा: दोन्ही आकडे सारखे येतील का? नाही, तर कितपट? नंतर चार पावलं मागे जा. आता खुणांमधलं अंतर वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? हाही अंदाज आधी लिहा. मागे गेल्यावर तुमचा हात काचेपर्यंत पोहोचणार नाही, म्हणून साबण लेकीच्या हातात द्या आणि "जरा वर, अजून वर, थांब" असं तुम्ही तिला सांगत राहा.